घरात धान्य आहे, तरी मूल कुपोषित का?

दर पावसाळ्यात मेळघाट, नंदुरबार नाहीतर जव्हार-मोखाड्यातून बालमृत्यूंच्या बातम्या येतात. अधिवेशन चालू असलं तर सभागृहात प्रश्न विचारला जातो आणि ठरलेला वाद होतो. विरोधक म्हणतात, मुलं कुपोषणाने मेली. सरकार म्हणतं, कारणं वेगळी आहेत: न्यूमोनिया, जुलाब, जन्मतः कमी वजन. पेपर वाचणाऱ्याला वाटतं, यातला एक जण खोटं बोलतोय.

पण बरेचदा दोघांच्याही कागदावर खरंच लिहिलेलं असतं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कुपोषण’ हा शब्द क्वचित येतो, कारण शेवटी जीव जातो तो आजारानेच. मात्र ज्या न्यूमोनियातून अंगाने भरलेलं मूल आठवडाभरात उठून खेळायला लागतं, तोच न्यूमोनिया अशक्त मुलाला घेऊन जातो. जगभरातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या बालमृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ‘कुपोषण की आजार’ हा वादच चुकीचा आहे.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं पटापट दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर समित्या झाल्या, योजना आल्या, रेशनचं धान्य स्वस्त झालं आणि आता तर फुकट मिळतं. तरीही प्रश्न उरलाच आहे. याचं कारण माझ्या मते असं: धान्य आणि मूल यांच्यामध्ये एक माणूस लागतो, आणि तो बहुतेक घरांत आई असते. धान्य गावापर्यंत पोचवायला आपण शिकलो, पण त्या बाईचं शरीर आणि तिचा वेळ यांचा हिशेब मांडायला अजून शिकलेलो नाही.

आधी मोजमाप समजून घेऊ

‘कुपोषित’ म्हटलं की फासळ्या दिसणारं मूल डोळ्यासमोर येतं. तो एकच प्रकार झाला. उंचीच्या मानाने वजन फार कमी असलं की मूल लुकडं ठरतं. अलीकडच्या काळात अन्न कमी पडलंय किंवा मोठं आजारपण येऊन गेलंय, हे त्यातून कळतं. वयाच्या मानाने उंचीच कमी असेल तर मूल खुजं. ही तूट महिनोन्‌महिने साचत आलेली असते आणि ती नजरेला दिसत नाही, कारण पाच वर्षांचं खुजं मूल चार वर्षांच्या सुदृढ मुलासारखंच दिसतं. आईलाही ते ‘जरा बारीक आहे’ इतकंच वाटतं. तिसरं माप वयाच्या मानाने वजनाचं. त्यात वरच्या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुजी आहेत आणि १९.३ टक्के लुकडी. महाराष्ट्रात खुजी ३५.२ टक्के, म्हणजे देशाइतकीच. लुकडी मात्र २५.६ टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीतही महाराष्ट्राचा हा आकडा २५.६ च होता. देशातल्या श्रीमंत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर चार मुलांमागे एक लुकडं असावं आणि मधल्या वर्षांत ते प्रमाण जराही हलू नये, याची लाज वाटायला हवी.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते, तेही पाहण्यासारखं आहे. अंगणवाडीत साल्टर काटा आढ्याला टांगतात आणि खाली झोळीत मूल ठेवतात. मूल रडतं, पाय झाडतं, काटा हलत राहतो आणि सेविकेला शे-दोनशे ग्रॅमचा अंदाज करावा लागतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी त्याला आडवं झोपवून मोजायची असते. त्यासाठी दोघी लागतात: एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करायचे. मदतनीस खिचडी रांधत असेल तर हे काम घाईत उरकलं जातं. शाकीर टेप त्या मानाने सोपी. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांची ही फीत डाव्या दंडाभोवती गुंडाळायची. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, आणि त्याला उपचार ताबडतोब हवेत. अंगणवाडीच्या आकड्यांत आणि मोठ्या सर्वेक्षणांच्या आकड्यांत तफावत पडते, तिचं एक कारण या मोजणीतच आहे. दरवेळी कोणी आकडे लपवलेलेच असतात असं नाही.

हजार दिवसांचं महत्त्व

गरोदरपणाचे २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस. मिळून हजार. या काळात शरीर ज्या वेगाने वाढतं, तो वेग पुन्हा कधी येत नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मेंदूचं आकारमान प्रौढ माणसाच्या सुमारे ८० टक्क्यांवर पोचलेलं असतं.

ज्वारी करणाऱ्यांना हे पटकन कळेल. पीक पोटरीत असताना, दाणा भरताना पाणी मिळालं नाही, तर पुढे कितीही पाऊस झाला तरी हाती कडबा येतो, कणीस भरत नाही. मुलांचंही असंच आहे. अंगणवाडीत बसून गरम आहार खाणारी मुलं तीन ते सहा वर्षांची असतात. शाळेतला आहार सहाव्या वर्षानंतर सुरू होतो. दोन्ही गरजेचे आहेत, मुलांची भूक भागते, शिकण्यात लक्ष लागतं. पण उंचीची बहुतेक तूट त्याआधीच पडून गेलेली असते.

सुरुवात आईच्या अंगापासून

मूल जन्मतःच अडीच किलोच्या आत असेल तर ते कमी वजनाचं. भारतात साधारण १८ टक्के बाळं अशी जन्मतात. या बाळांना कोणी कमी भरवलेलं नसतं, कारण त्यांच्यापर्यंत भरवण्याची वेळच आलेली नसते. तूट आईच्या पोटातली असते.

डायन कॉफी या संशोधिकेने २०१५ मध्ये एक तुलना मांडली. गरोदर राहण्याच्या वेळी ज्यांचं वजन कमी होतं, अशा स्त्रियांचं प्रमाण भारतात ४२ टक्के होतं, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १६.५ टक्के. आपण ज्या देशांकडे गरीब म्हणून पाहतो, तिथल्या बायका आपल्या बायकांपेक्षा बऱ्या अंगाने बाळंतपणाला सामोऱ्या जातात. त्यातून आपल्याकडे गरोदरपणात वजनही पुरेसं वाढत नाही. दहा-बारा किलो वाढायला हवं, तिथे सरासरी सातच्या आसपास.

कारणं कोणत्याही घरात सापडतील. लग्न लवकर होतं: महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सतरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं, त्यामुळे तिने खाल्लेल्यात आई आणि बाळ दोघांचा वाटा पडतो. नव्या सुनेने सगळ्यांची पानं झाल्यावर बसायचं, उरलंसुरलं खायचं. ‘जास्त खाल्लंस तर मूल मोठं होईल, बाळंतपण अडेल’ हा सल्ला आजही दिला जातो, आणि प्रेमाने दिला जातो. राज्यातल्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. यातली एकही गोष्ट रेशन दुकानात सुटत नाही.

आणि काम? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा बारकाईने अभ्यास केला. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा आलं, त्यांची बाळं आकाराने बरी होती. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जिची चर्चा फार कमी होते: ज्यांना गरोदरपणात अंगमेहनत जास्त पडली, म्हणजे शेतातलं काम, पाणी भरणं, त्यांची बाळं लहान होती. हंड्यामागून हंडा वाहताना जी ऊर्जा खर्च होते, ती बाळाच्या वाट्यातून वजा होते. घरापाशी नळ आला की बाळाचं वजन वाढायला मदत होते, हे विधान ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागचं गणित हे आहे.

वाटीतलं गणित

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचं खाणं सुरू करायचं, आणि आपल्याकडचा उंचीचा आलेख इथेच घसरायला लागतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार भारतात फक्त ११ टक्क्यांना मिळतो. म्हणजे ज्यांची परिस्थिती बरी आहे, अशी बहुसंख्य घरंही यात नापास आहेत.

याचं कारण पोटाच्या आकारात आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे मोठी वाटीभर. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षापुढे ५५०.

आता आपण देतो काय? ‘पचायला हलकं’ म्हणून भाताची पेज आणि वरणाचं वरचं पाणी. दहा ग्रॅम तांदळाची पातळ पेज वाटीभर झाली, तरी त्यात कॅलरी पस्तीसच. बाळाचं पोट टम्म होतं, ते तोंड फिरवतं, आणि आईला वाटतं जेवला. तेच पंचवीस ग्रॅम तांदूळ, दहा ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून, घोटून, वरून चमचाभर तेल घातलं तर तेवढ्याच वाटीत १६० च्या आसपास कॅलरी मावतात. चमच्यातून ओघळून न पडण्याइतकं घट्ट असावं, ही साधी खूण. त्यात कधी अंडं, कधी शेंगदाण्याचं कूट, कधी पाल्याचा घट्ट लगदा. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं आणि जन्माच्या वेळी मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत आलेला असतो, म्हणून नुसत्या भातावर भागत नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट तर दोन्हीकडून नुकसान करतं: भूक मरते, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगात कमी शोषलं जातं.

‘मग हे आयांना शिकवा की!’ जरूर शिकवावं. पण आवणीच्या दिवसांतली मोखाड्यातली एखादी आई डोळ्यासमोर आणा. पहाटे पाणी, चूल, भाकऱ्या. उजाडलं की भाताच्या खाचरात, दिवस कलेपर्यंत कमरेत वाकून रोपं लावायची. दहा महिन्यांचं बाळ घरी, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. एवढ्या लहान मुलाला घट्ट घास भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि असं दिवसातून तीन-चार वेळा करायचं. म्हणजे रोज जवळपास दीड तास, नुसतं भरवायला, तेही ताजं शिजवलेलं अन्न. हा दीड तास त्या आईकडे नाही. बहिणीला तेवढी समज नाही, आणि असावी अशी अपेक्षाही चूक आहे. मजुरी बुडवून घरी बसावं तर डाळ-तेल आणायचं कशाने? या आईला ‘अज्ञानी’ म्हणणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

खाल्लेलं अंगी का लागत नाही

मूल तापाने फणफणलं की दोन दिवस खात नाही. जुलाब झाले की खाल्लेलंही टिकत नाही. आजार गेल्यावर भूक परत येते, आणि पुढचे दोन आठवडे नेहमीपेक्षा जास्त खाऊ घातलं तर झीज भरून निघते. पण तेवढ्यात दुसरा आजार आला तर? पहिल्या दोन वर्षांत असे आजार वारंवार येतात. प्रत्येक वेळी मूल थोडं खाली येतं आणि पूर्ण वर जायच्या आत पुन्हा आजारी पडतं. अशक्तपणामुळे प्रतिकारशक्ती आणखी कमी होते.

याहून न दिसणारी एक गोष्ट असते. रांगतं मूल अंगणातली माती, कोंबड्यांची घाण, सगळं तोंडात घालतं. सतत जंतू पोटात जात राहिले की जुलाब न होताही आतड्याचं अस्तर खराब होतं. अन्न शोषून घेणारे त्यावरचे बारीक उंचवटे झिजतात, त्याला सूज राहते, आणि खाल्लेल्यातला काही भाग त्या सुजेशी लढण्यातच खर्च होतो. म्हणून काही वर्षांपूर्वी अनेकांना वाटलं होतं की संडास बांधले, हात धुतले की उंची वाढेल. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि ते निराश करणारे होते. साधे संडास आणि साबण एवढ्याने मुलांच्या वाढीत फरक पडला नाही. स्वच्छता निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. अर्धवट स्वच्छता पुरत नाही, पाणी आणि अंगण खरोखर स्वच्छ लागतं, असा तो आहे.

पावसाळ्यातच मुलं का दगावतात, हेही यावरून कळतं. नवं पीक आलेलं नसतं, कणगी तळाला गेलेली असते. काम सगळ्यांत जास्त, म्हणून आई दिवसभर शेतात. विहिरीत गढूळ पाणी, गावात जुलाब आणि मलेरिया. ओढ्याला पूर आला की दवाखान्याची वाट बंद. एकेक अडचण मूल सोसतं. चारही एकाच आठवड्यात आल्या तर सोसत नाही.

‘आपली मुलं मुळातच लहान चणीची असतात’

हा आक्षेप सुशिक्षितांकडून हमखास येतो. परदेशी मापं आपल्या मुलांना लावता म्हणून ती खुजी ठरतात, असं म्हणणं असतं.

ही मापं परदेशी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. अट एकच, मुलांना नीट वाढायची संधी मिळालेली हवी: आईचं दूध, योग्य आहार, आरोग्यसेवा. अशी परिस्थिती असली की सहाही देशांतली लहान मुलं जवळपास सारखीच वाढली. २००६ मध्ये त्यावरून आजची मापं ठरली.

दुसरा पुरावा मला जास्त बोलका वाटतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की भारतातली पहिली मुलं आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा उंचीला कमी नाहीत. तूट दुसऱ्या मुलापासून सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्याला वाढत जाते. मुलगा हवा या हट्टाचा त्यात मोठा भाग आहे. आईबाप तेच, जनुकं तीच. बदलते ती वाट्याला येणारी काळजी.

यात एक गोष्ट मान्य करायला हवी. आईच स्वतः खुजी असेल तर बाळ लहान जन्मण्याची शक्यता वाढते, म्हणून हे एका पिढीत पूर्ण धुऊन निघत नाही. पण त्यालाही काही शतकं लागत नाहीत. नेपाळात २००१ मध्ये ५७ टक्के मुलं खुजी होती, २०२२ मध्ये २५ टक्के. नेपाळ आपल्यापेक्षा गरीब देश आहे. ब्राझीलने १९७४-७५ मधले ३७ टक्के २००६-०७ पर्यंत ७ टक्क्यांवर आणले. तिथे मुख्यतः गरिबांच्या हातात पैसा आला, आया शिकल्या, दवाखाने जवळ आले, पाणी आणि सांडपाण्याची सोय झाली.

‘अंधश्रद्धा आणि जास्त मुलं, हे खरं कारण’

मेळघाटात आजारी बाळाला भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे नेतात, पोटावर चटके देतात, हे खरं आहे. ते थांबायलाच हवं. पण रात्री बाळ तडफडायला लागल्यावर दवाखाना कित्येक मैल दूर असेल, तिथे डॉक्टर असेलच याची खात्री नसेल आणि भूमका मात्र शेजारच्या पाड्यात असेल, तर माणूस कुणाकडे जाईल? आणि चटके न देणाऱ्या, शहरातल्या घरांचं काय? देशातल्या सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबांतही २३ टक्के मुलं खुजी आहेत. सर्वांत गरीब हिश्श्यात ४६ टक्के. गरिबीने प्रमाण दुप्पट होतं, पण श्रीमंतीने ते शून्यावर येत नाही.

जास्त मुलांचा मुद्दा लवकर संपतो. महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं होतात. दोन मुलांमधलं अंतर महत्त्वाचं आहे, पण ‘फार मुलं’ हे आजच्या महाराष्ट्राचं उत्तर राहिलेलं नाही.

‘मोठेपणी भरपूर खाऊ घातलं की भरून निघेल’

वजन भरून निघेल, आणि त्यातच धोका आहे. याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी आणि अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ही ‘बारीक पण चरबीदार’ बाळं. काटकसरीसाठी तयार झालेल्या या शरीराला पुढे वडापाव, गोड चहा आणि बैठं काम मिळालं की मधुमेह लवकर गाठतो. म्हणजे कुपोषण आणि मधुमेह हे गरिबांचा एक आणि श्रीमंतांचा दुसरा असे वेगळे रोग नाहीत. चाळिशीतल्या अनेकांच्या साखरेचं मूळ त्यांच्या आईच्या गरोदरपणापर्यंत जातं.

‘इतक्या योजना आहेत, मग पैसा जातो कुठे?’

काही ठिकाणी भ्रष्टाचार आहे, पुरवठ्याची कंत्राटं वर्षानुवर्षं गाजत आली आहेत. अंगणवाडीत आहार पुरवायला ठेकेदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. पण सगळा पैसा प्रामाणिकपणे खर्च झाला तरी एक मोठी फट राहते. १९७५ मध्ये सुरू झालेली अंगणवाडीची योजना तीन वर्षांपुढच्या मुलाला जवळ बसवून जेवू घालते. त्याहून लहान मुलाला, ज्याला गरज सर्वांत जास्त, ती घरी न्यायचं पाकीट देते. पाकीट घरी गेलं की ते सगळ्यांत वाटलं जातं, किंवा चव आवडत नाही म्हणून गुरांपुढे जातं. ते शिजवून भरवणारं माणूस शेतात आहे, हे पाकीट देणाऱ्याने गृहीत धरलेलंच नाही.

त्यात स्थलांतर. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात आणि मूल भट्टीवरच्या झोपडीत. तिथल्या सेविकेच्या यादीत ते नसतं. हजारातले दोनशे दिवस असेच जातात.

याउलट जिथे त्या बाईचा विचार झाला, तिथे योजनेची रचनाच बदलली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण, तेही अंगणवाडीत बसून. बसून जेवायचं असल्याने ताट घरी जात नाही, त्यात वाटेकरी येत नाहीत. बिलं थकली की जेवण बंद पडतं, ही तिची दुखरी बाजू. तरी कल्पना योग्य आहे, आणि बाकीच्या महाराष्ट्रातल्या गरोदर मजूर बायकांना ती का लागू नसावी, हा प्रश्न विचारायला हवा.

राहिला प्रश्न सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा. छत्तीसगडमध्ये ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरं चालतात. आया कामावर जाताना मूल तिथे सोडतात, गावातल्याच बायका त्यांना सांभाळतात आणि दिवसातून अनेकदा ताजं, घट्ट अन्न भरवतात. मघाचा दीड तास इथे सापडतो, आईची मजुरी न बुडवता, आणि मोठी बहीण शाळेत जाते. हे काही नवं सुचलेलंही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिलेलं होतं की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला मुलं सांभाळण्याचं काम द्यावं आणि त्याची मजुरी द्यावी. रोजगार हमीची कल्पना देशाला देणाऱ्या महाराष्ट्रात कामावर असं पाळणाघर सहसा पाहायला मिळत नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर, आवणीच्या हंगामात पाड्यावर ते हवं आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही. सावली, स्वच्छ पाणी, चूल, आणि वेळेवर मजुरी मिळणाऱ्या दोन बायका लागतात.